चिनीमातीवरचं कुंकू

आमच्या कारखान्यात अक्कल असलेला माणूस एकच होता आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘मदतनीस’ लिहिलेलं होतं. कचरू दाभाडे, चितेगावचा, आयटीआय झालेला वायरमन. बाकी आम्ही सगळे साहेब. मी ऑफिसातला कारकून, तरी मलाही लोक साहेबच म्हणत.

कचरूचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. वारा फिरला की भट्टीचा धूर थेट घरात. त्याची आई कडूबाई दम्यानं बेजार. ती चहा द्यायची तो कपावर बशी झाकून, काजळी पडू नये म्हणून.

२०१२ला पावसानं दडी मारली आणि धूर धुणारे पाण्याचे फवारे बंद पडले. तिकडे शहर पैठण रोडनं प्लॉट पाडत आमच्याकडे सरकत होतं. कडूबाई दहा वर्षं खोकली, तेव्हा कुणाला धूर दिसला नाही. नव्या सोसायटीतले पडदे काळे झाले, तक्रारी सुरू झाल्या आणि आमचे मालक हिमांशूसाहेब यांना एकदम पर्यावरणाचा पुळका आला. त्यांनी बिनपाण्याचं मशीन आणलं, तीन महिन्यांच्या चाचणीवर. जमलं तर ठेवायचं, नाहीतर परत.

लोखंडी नळ्या, प्रत्येकीच्या मधोमध बारीक तार. तारेला हजारो व्होल्टचे झटके, सेकंदाला शेकडो. एकेक झटका डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपलेला. नळीत जांभळा उजेड पडायचा. त्यात धुरातल्या जहाल वायूंचं आम्ल व्हायचं आणि पुढच्या पेटीतल्या चुन्यात अडकायचं; काजळी नळीलाच चिकटून राहायची. तार नळीपासून अलग राहावी म्हणून वर चिनीमातीचे पांढरे खुंट. ते कोरडे, स्वच्छ हवेत, नाहीतर वीज त्यांच्या अंगावरूनच वाट काढते. कचरू रोज सकाळी मशीन बंद करायचा, तारेत उरलेली वीज दांडीनं जमिनीत सोडायचा आणि एकेक खुंट कोरड्या फडक्यानं पुसायचा. दोन महिन्यांत कडूबाई कपावर बशी ठेवायची विसरली. चाचणीचा याहून चांगला अहवाल मी आजवर पाहिलेला नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. कचरू दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचा. त्यानं रजेचा अर्ज दिला, कारखान्याचे प्रमुख मंदारसाहेब यांनी त्यावर सही केली, मी तो फायलीत लावला. जाताना त्यानं मशीनची किल्ली माझ्याकडे दिली.

“वैजनाथराव, खुंटांना पाणी लागू देऊ नका. हळदकुंकू तर लई लांब.”

मी निरोप पोचवला. मंदारसाहेब म्हणाले, “दीक्षाभूमीला जाणारा माणूस आता आपल्याला पूजा शिकवणार?” सगळे हसले. मीही हसलो.

गावात हंडे रांगेला लागलेले, आणि आम्ही टँकर मागवून यंत्रं धुतली. पांढऱ्या खुंटांवर कुंकू काय खुलून दिसेल, असं मंदारसाहेबांना वाटलं. मी किल्ली दिली. शिडीवर चढून त्यांनी प्रत्येक खुंटाला पाच बोटं ओढली, वर नारळाचं पाणी शिंपडलं. फोटोसाठी हिमांशूसाहेबांनी खुंट ओले असतानाच मशीनचं बटण दाबलं. काडकन आवाज झाला, वीज कुंकवाच्या ओघळांवरून धावली आणि झटके देणारी पेटी जळून कोळसा झाली. फोटो मात्र छान आला.

अहवाल मी टाईप केला. ‘मशीनचालक विनापरवानगी गैरहजर. खुंट अस्वच्छ.’ मंदारसाहेबांनी हात पुढे केला आणि मी फायलीतून रजेचा अर्ज काढून त्या हातात ठेवला. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. कचरूला काढलं. मशीन कुचकामी ठरवून परत पाठवलं. धूर पुन्हा सुरू झाला, आणि सोसायटीवाल्यांनी खिडक्यांना काचा बसवून घेतल्या.

महिन्यानं कचरूचे आयटीआयचे मूळ कागद परत द्यायला मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसला होता. शेजारी मशीन सोडवताना भंगारात टाकलेला एक खुंट, त्यावर कुंकवाची जळून काळी झालेली पाच बोटं. कडूबाईनं चहा आणला. कपावर बशी होती.

“साहेब,” ती धापा टाकत म्हणाली, “माझा कचरू रजा मागूनच गेला व्हता ना? गावात म्हणत्यात, न सांगता गेला. तुमच्याकडंच दिला व्हता म्हणं अर्ज.”

कचरू माझ्याकडे बघत होता. त्या घरात तेवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुष्कळ होतं.

“कागद बघावा लागेल,” मी म्हणालो.

कचरूनं माझ्या कपावरची बशी उचलून बाजूला ठेवली.

“प्या,” तो म्हणाला. “काजळी पडायच्या आत प्या, आन् निघा.”