आम्ही शूट न केलेली बस

भूतखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बायांना मी चिमटे काढून पाहिलेत. तरी हे लिहिते आहे... हसायचं तर हसा.

मी बोरगाव मेघेला राहते, वय बहात्तर. नात ऋचा व्हिडिओ-गोष्टी बनवते. गोष्ट मध्येच थांबते, स्क्रीनवर दोन बटणं येतात — बघणारा जे दाबेल तिकडे ती वळते. या वेळी तिनं माझीच गोष्ट घेतली. एकोणिसाव्या वर्षी मला नागपूरला नर्सिंगला बोलावलं होतं, पण माहेराजवळच्या जाम गावच्या चौरस्त्यावर बस चुकली. घरी परत, सहा महिन्यांत लग्न. त्रेपन्न वर्षं मी हेच सांगत आले.

ऋचानं माझं जुनं पातळ नेसून दोन शेवट शूट केले, 'बस मिळाली' आणि 'बस चुकली'. बस कुठेच दाखवली नाही, नुसता हॉर्न.

भर दुपारी ओसरीवर बसून मी 'बस चुकली' दाबलं... आणि स्क्रीनवर बस उभी. दार उघडं. कंडक्टर ओरडतोय, "नागपूर, नागपूर." रसवंतीमागे एक पोरगी पत्र्याची पेटी छातीशी धरून दडलेली. पाठमोरी.

"आजी, हे मी शूट नाई केलं," ऋचा म्हणाली. मग हळूच, "बस तं उभी आहे. तू काऊन लपून राह्यली?"

सूनबाई घाबरली. "डिलीट कर वं ते."

"हात लावून तं पाह्य," मी म्हटलं.

कारण ते खरं होतं. बस चुकलीच नव्हती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि ही शूर बाई बस जाईपर्यंत रसवंतीमागे बसून राहिली. वर घरी येऊन रडलीसुद्धा, ढोंगी कुठली. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

तो तुकडा तिथेच संपत होता. पुढे बटण नाही.

"इथं बटण लाव," मी ऋचाला म्हटलं. "'चढ' लिही."

"अन् पुढं काय दाखवू?"

"उद्या कॅमेरा घेऊन जामले चाल."

दुसऱ्या दिवशी जामला, ऋचाच्या कॅमेऱ्यासमोर, दुखरे गुडघे घेऊन मी नागपूरच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "आजी, सावकाश."

"त्रेपन्न वर्षं सावकाशच केलं बापा. तिकीट फाड."

तो तुकडा आला कुठून? ऋचाच्या मित्रांनी सगळ्या फायली तपासल्या, अशी फाईलच नाही म्हणतात. मलाही ठाऊक नाही. पण डिलीट करू देणार नाही. रोज लावते. ती पोरगी रसवंतीमागे दडलेलीच असते. मी 'चढ' दाबते.

लपू दे तिला. मी चालले.