दाताखालचा दगड

आमच्या कोअर शेडमध्ये बोअरमधून निघालेल्या दगडाच्या प्रत्येक कांडीवर ती किती खोलवरून आली ते लिहिलेलं असतं. किश्श्यांवर कोणी काही लिहीत नाही, ते नुसतेच थरावर थर साचत जातात. मी गप्प बसणारी, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत!

*

कोळसा शोधताना आम्ही मधले दगड चावून पाहतो. दाताखाली कचकच झाली तर बारीक रेती, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. पहिल्याच दिवशी मला चावताना पाहून आमचे जुने ड्रिलर गजाननभाऊ अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, डबा घरीच राह्यला काय?"

*

लग्नाची रजा संपवून आले तेव्हा हातात हिरवा चुडा. साहेब म्हणाले, "आता शेडमध्येच बसा. बोअरच्या रिगवर उन्हात कशाला?"

माझ्याबरोबरच्या अजिंक्यचंही त्याच महिन्यात लग्न झालेलं. तो मात्र रिगवरच. त्याला ऊन लागत नसावं!

*

सासरे काटोलचे, संत्र्याचे बगीचेवाले. "तुले जमिनीच्या आतलं समजते, मंग आपल्या बगिच्यात पाणी कुठं लागन?"

"बाबा, मी कोळसा शोधते."

"एवढ्या खोलचा कोळसा दिसते, अन् वरचं पाणी काहून नाही दिसत?"

तरी काटोलच्या मंडीत ते सगळ्यांना सांगून आले, "आमची सून जमिनीच्या आरपार पाहते!"

*

पर्समध्ये राहिलेला दगडाचा एक तुकडा मी घरी ओट्याशी उभी राहून चावत होते. सासूबाईंनी पाहिलं. नवी सून, माती खातेय! ताटात न मागता तूप पडलं. संध्याकाळी रामटेकच्या मावशींचा फोन, "कितवा महिना वं पोरी?"

मी सगळं समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढे वर्ष कॉलेजात दगडंच खाऊन राह्यली होती काय वं?"

*

अजिंक्य रजेवर गेला, म्हणून मौद्याकडच्या बोअरवर मला पाठवलं. तिथं हिरवट दगड लागला. चिकणमातीचा एक हिरवा दगड असतो. तो आला की कोळशाचे थर वरच संपले असं धरून बोअर बंद करतात. साहेब म्हणाले, "बंद करा."

मी तुकडा चावला. कचकच!

"सर, यात रेती आहे, हा तो हिरवा नाही. अजून दोन रॉड खोल जाऊ या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिगवर माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"आणि काही निघालं नाही तर? तुम्ही कायमच्या शेडमध्ये?" साहेबांनी विचारलं.

"कायमची."

पहिल्या रॉडला हिरवाच दगड आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या वेळी गजाननभाऊंनी वर आलेली नळी हातोडीनं ठोकली, आणि घसरत बाहेर आला तो काळाभोर, चकचकीत कोळसा!

साहेबांनी वाकून हिरवा तुकडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दाताखाली धरला.

"साहेब," गजाननभाऊ म्हणाले, "तुमचाबी डबा घरीच राह्यला काय?"