पानठेल्यावरचं एक वाक्य

"मॅडम, बाकी काई बी इचारा. तो काय म्हनला, ते नोका इचारू."

जेलच्या जाळीपलीकडून दिनकर प्रत्येक भेटीत हेच सांगायचा. मी त्याची वकील. तो मेडशीकडचा मोटर मेकॅनिक. विहिरींवरच्या, बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचा. एका सकाळी पानठेल्यावर त्याने शेषरावच्या डोक्यात लोखंडी पाना हाणला. शेषराव वाचला, पण वाचा गेली. पोलिसांनी हाफ मर्डर लावला, म्हणजे खुनाचा प्रयत्न.

शेषराव त्या भागातला नामी टोमणेबाज. शिवी कधी द्यायचा नाही. माणसाचं दुखणं हेरायचा आणि असं बोलायचा, की समोरच्याला धड रागावताही येऊ नये. लग्नाच्या पंगतीत लोक त्याच्या शेजारची जागा धरून ठेवायचे.

माझ्याकडे बचाव एकच होता: अचानक आणि गंभीर चिथावणी. शब्द असे असतील की शांत माणसाचाही तोल जावा, तर कोर्ट गुन्हा सौम्य धरू शकतं. पण ते शब्द जसेच्या तसे रेकॉर्डवर यावे लागतात. 'तो वाईट बोलला' एवढ्यावर भागत नाही.

"सांगत का नाहीस?"

"वंदना कोर्टात येईन. तिच्या कानावर पडन."

वंदना त्याची बायको. मी तिला ऑफिसात बोलावून घेतलं. खाली बघतच ती म्हणाली, "मले मालूम हाय मॅडम. साऱ्या गावाले मालूम हाय. नळावर बाया थांबून थांबून सांगतात. याईलेच वाटते, का मले मालूम नाई."

मग मारहाणीच्या त्या आठवड्यात घरात काय झालं होतं, ते तिने सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

"हे कोर्टात सांगशील?"

"सांगन. मानूस बाहीर आला पायजे."

आधी पानठेलेवाल्याची साक्ष झाली. सरकारी वकिलांना त्याने सांगितलं, की लोक बसले होते, हसत होते, आणि दिनकरने एकदम पाना मारला. शेषराव काय बोलला, ते काही ऐकू आलं नाही. उलटतपासणीला मी उभी राहिले.

"तुम्हीही हसत होता?"

"हो. सारेच हासत होते."

"कशाला?"

त्याने कठड्यावरचा हात काढून घेतला.

"ऐकू आलं नाही, मग हसलात कशाला?"

त्याने सरकारी वकिलांकडे पाहिलं. न्यायाधीश म्हणाले, "शपथेवर आहात. उत्तर द्या."

"कोनी तरी म्हनलं, का दिनकरनं आत्ताच मोटर चालू करून देल्ली. त शेषराव म्हने, दिनकरचा हात लागला का मेलेली मोटर बी पानी फेकते. फकत घरची तेवढी सालोसाल ड्राय चालून राह्यली."

मोटर ड्राय चालते म्हणजे आवाज सगळा होतो, पाणी येत नाही. दिनकर आणि वंदनाला मूल नव्हतं.

कोर्ट हसलं. शिपाई हसला, बाकांवरचे पक्षकार हसले, एका ज्युनियरने तोंडावर फाईल धरली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्टेनोसाठी साक्षीदाराला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. नंतर जबाब वाचून दाखवला गेला, तसा नियमच आहे. त्यात ते पुन्हा आलं. आरोपीच्या पिंजऱ्यात दिनकर डोळे मिटून उभा होता.

मागच्या बाकावर शेषराव बायकोच्या आधाराने बसला होता. हशा ऐकून त्याने मान वर केली. तोंडाची एक बाजू लुळी होती. दुसऱ्या बाजूने तो हसला.

पुढच्या तारखेला वंदना साक्षीला उभी राहिली.

"पह्यल्यांदाच दिवस राह्यले होते. पाचवा महिना होता. गावात कोनाले सांगितलं नोतं, नजर लागन म्हून. अकोल्याच्या दवाखान्यात पोट पडलं. पोरगी होती. हे माये कपडे न्याले गावात आले होते. जाता जाता कोनाची तरी मोटर चालू करून देल्ली, आन् यस्टीची वाट पाहत ठेल्यावर उभे होते."

या वेळी कोणी हसलं नाही. मी मागे वळून पाहिलं. शेषराव बाक धरून उभा राहिला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. घशातून नुसता आवाज आला, पुन्हा आला. बायकोने त्याचा हात ओढून त्याला खाली बसवलं. त्याला काय म्हणायचं होतं, ते कोणालाच कळलं नाही.

हाफ मर्डर टिकला नाही. चिथावणीमुळे केलेली जबर दुखापत एवढंच कोर्टाने धरलं. दोन वर्षांची शिक्षा झाली, आधी जेलमध्ये काढलेला काळ त्यातून वजा. सुटल्यावर दिनकर आणि वंदना गाव सोडून कारंज्याकडे राहायला गेले. शेषराव अजून त्या पानठेल्यावर येऊन बसतो. लोक त्याला चहा पाजतात आणि त्याचीच जुनी वाक्यं त्याला म्हणून दाखवतात.

आता अशा केसमध्ये मी साक्षीदाराला आधी 'काय ऐकलं?' असं विचारत नाही. 'हसलात का?' असं विचारते. हसलो, हे लोक पटकन कबूल करतात. त्यात आपला काही गुन्हा आहे, असं त्यांना वाटत नाही. कायद्यालाही वाटत नाही.