जोडीकाकूंची बैठक

जोडीकाकू नऊ वर्षं रेणापूरहून श्रीशैलला चालत निघाल्या आणि नऊही वर्षं मल्लिकार्जुनाचं तोंड न बघता परत आल्या. पाय थकले म्हणाल, तर पायी यात्रेच्या अख्ख्या मेळ्यात त्यांच्याइतकं चिवट चालणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला देव भेटू द्यायचा नाही, एवढ्यासाठी ही बाई अर्ध्या वाटेपर्यंत इमानेइतबारे चालायची आणि तिथं बसकण मारायची. मी त्यांच्या पुतण्याची बायको. काकू हट्टी होत्या, खुनशी होत्या आणि मला फार आवडायच्या. माझा नवरा हे वाचेल, वाचू दे.

मुळात दोघं निघाले होते मूल मागायला. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. कुणीतरी सांगितलं, जोडीनं चालत श्रीशैलला जा आणि पाडव्याला देवाला डोकं टेकवा. बाहत्तरचा दुष्काळ तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात शिरला होता. वाटेतल्या विहिरी कोरड्या. बिदर मागं पडल्यावर तेलुगू मुलखातल्या एका गावाशी काकू कुठल्याशा डबक्यातलं पाणी प्यायल्या. हगवण लागली, वर ताप. उभं राहता येईना, आणि मेळा थांबायला तयार नाही. तेव्हा आमच्या काकांनी, कापडदुकानात गिऱ्हाइकाला चार वेळा पाणी विचारणाऱ्या माणसानं, बायकोला एका अनोळखी म्हातारीच्या ओसरीवर निजवलं आणि ते पुढं गेले. "पाडवा चुकंल," म्हणाले. अहो, मूल मागायला एकटेच! काकू सांगायच्या, "देवानं इचारलं आसंल, हाव बाबा, पर दुसरी कुठाय?"

पंधरा दिवसांनी काका विभूती घेऊन परतले. तोवर म्हातारीनं तांदळाची पेज पाजून काकूंना जगवलं होतं. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, एवढा एक शब्द काकू शिकल्या. काका ओसरीवर चढले आणि म्हणाले, "बघ, राखलं का न्हाई तुला मल्लिकार्जुनानं?" त्या वेळी 'चुकलं' म्हणाले असते तर तिथंच मिटवलं असतं, असं काकू म्हणायच्या. मला ते खरं वाटत नाही, पण काकांनी तो शब्द कधी उच्चारला नाही, एवढं खरं.

पुढच्या वर्षी पिशव्या काकूंनीच भरल्या. "चला, जोडीनं जाऊ." काका खूश. मेळ्यात सगळ्यांत आधी काकूंची आंघोळ, मग तळपायाला एरंडेल, काकांच्या धोतराची घडी, दुपारच्या मुक्कामाला गरम भाकरी आणि ठेचा. बोट ठेवायला जागा नाही. ते गाव आलं आणि काकू म्हातारीच्या कट्ट्यावर बसल्या. "माजं पाय सरले. तुमी जावा की म्होरं. गेलताव की मागं!" अख्खा मेळा काकांकडं बघत राहिला. काका दोन पावलं गेले, थांबले, आणि येऊन कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मेळा निघून गेला. दोघांनी म्हातारीला लुगडं दिलं, चार दिवस राहिले आणि घरी आले. त्यानंतर दरवर्षी हेच. 'यंदा ही येईल' म्हणून काका निघायचे आणि त्याच कट्ट्यावर बसायचे.

जोडीकाकू हे नाव पडलं ते त्यांच्या आशीर्वादामुळं. लग्नात अक्षता टाकताना मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "जोडीनं ऱ्हावा. एकाला ताप आला तर दुसऱ्यानं घोटभर पाणी द्यावं." काका जिथं असतील तिथं त्यांचं पान चघळणं थांबायचं. माझ्याही लग्नात म्हणाल्या. मला वाटलं, किती मायाळू बाई! मेळा नेणाऱ्या जंगमस्वामींनी एकदा समजूत घालून पाहिली, "अक्का, देवाच्या वाटंवर राग बरा न्हाई." काकू म्हणाल्या, "स्वामी, मी देवाला कुठं तरास द्यायलेय?"

लातूर जिल्हा झाला, त्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला मीही मेळ्यात होते. आता कामाला उस्मानाबादला जायला नको, कलेक्टर आपल्या लातुरात, असं काका वाटभर ज्याला त्याला सांगत होते. "जिल्हा सुदिक येगळा झाला," काकू म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना.

त्या गावाच्या अलीकडं काकांना ऊन लागलं. ओसरीवर आणलं तेव्हा अंग फणफणलं होतं. म्हातारी वारली होती. तिच्या सुनेनं अंथरूण घातलं. काकू इथं बसणारच, म्हणून स्वामी निर्धास्त. काकूंनी काकांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, तांब्या भरून उशाला ठेवला, पिशवी खांद्याला अडकवली आणि मला म्हणाल्या, "चल सूनबाई. पाडवा चुकंल."

ते वाक्य कुणाचं, हे काकांना बरोबर कळलं. पडल्या पडल्या त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "जा." खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, दहा वर्षांनी का होईना, फेडलं बाईनं! परक्याची ओसरी कशी असते ते कळू दे यांनाही.

पुढं आणखी आठ दिवस चाललो. काकूंचं एरंडेल पिशवीतच राहिलं. रोज दोघांपुरत्या भाकऱ्या थापायच्या आणि उरलेल्या कुत्र्याला घालायच्या. श्रीशैलला पोचल्यावर धुळीच्या पायांनी आत गेल्या, पिंडीवर डोकं टेकवलं ते पुजाऱ्यानं हटकेपर्यंत उचललंच नाही.

येताना बस केली. काका कट्ट्यावर बसले होते, गालफडं आत गेलेली.

"झालं दर्शन?"

"झालं."

"बरं झालं."

एवढंच. पुढच्या वर्षी काकूंनी पिशव्या भरल्या नाहीत, काकांनीही विचारलं नाही. घरात भांडण नव्हतं, गोडवाही नव्हता. दोघं वेळेवर जेवायची.

काही वर्षांनी काका गेले. लिंगायतांच्या रीतीनं समाधी देऊन माणसं पांगल्यावर मी न राहवून विचारलं, "काकू, तेव्हा देवाजवळ मागितलंत तरी काय?"

"मागायचं ध्यानातच न्हाई आलं बघ. डोकं टेकवलं आन् सारं चित्त त्या वसरीवर. तांब्यातलं पाणी सरलं आसंल का, कुणी भरून दिलं आसंल का. बस, तेवढंच."

मग म्हणाल्या, "ह्यांचं बी त्या साली आसंच झालं आसंल का गं?"

"विचारायचं होतंत की त्यांना!"

"न्हाई इचारलं." काकू पदर खोचून उठल्या. "हाव म्हणले आसते, तर माफ करावं लागलं आसतं."