गच्ची गळण्याचा तक्रार अर्ज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, त्याबद्दल माफी असावी. मी पोलीस नव्हते. शेवगावकडच्या एका ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करून निवृत्त झाले. पण एका गच्चीचं प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे, कारण त्यात मी पंच होते.

एका भुसार व्यापाऱ्याने तक्रार अर्ज दिला. मिस्त्रीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं आणि वर्षाच्या आत स्लॅब गळायला लागला. व्यापाऱ्याने दमदाटी करून कामाचे सगळे पैसे आधीच परत घेतले होते. त्यासाठी मिस्त्रीने माल कालवायचं मशीन विकलं. आता व्यापाऱ्याला फसवणुकीचा गुन्हाही दाखल करून हवा होता. तो झाला असता, तर त्या माणसाला तालुक्यात पुन्हा कुणी काम दिलं नसतं.

हवालदार मॅडमनी मिस्त्रीला समोर बसवलं.

"माल कमी वापरलास?"

"न्हाई मॅडम. विटांचा कोबा केला, कडेनं गोलाई दिली, पानी भरून ठेवलं. खाली थेंब आला न्हाई."

"मग आता गळतंय कसं?"

दारातून मिस्त्रीची बायको बोलली, "बघू दिलं तर सांगतील ना! मालक जिन्यातूनच हाकलून देत्यात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ज्याचं घर गळतं, तो मिस्त्रीला वर का जाऊ देत नाही? मला म्हणाल्या, "मावशी, झाडू ठेवा. पंच म्हणून चला." दुसरा पंच पानटपरीवाला.

व्यापारी जिन्यात आडवा उभा राहिला. "मॅडम, उन्हात वर कशाला? चहा घ्या."

"चहा मावशी रोज पाजतात. सरका."

खाली छताला चार ठिकाणी डाग होते. वर नेमक्या त्याच चार ठिकाणी मोठाल्या कुंड्या.

"या हलवा."

"तुळस आहे मॅडम. हलवत नाहीत."

त्याची म्हातारी आई मागोमाग वर आली होती. "तुळस कुठली रं? शोची झाडं हायेत ती."

कुंड्या सरकल्या. खाली भोकं, वरवर सिमेंट फासलेली.

"आजी, ही भोकं कसली?"

"मांडवाची! नातीच्या हळदीला लोखंडी खांब उभे केले, बोल्ट ठोकून. लई देखना मांडव हुता."

"आई, गप की!"

"का रं? समद्या गावानं बघितला."

पानटपरीवाला हसला. पंचनाम्यावर मी माझ्या वाकड्या अक्षरात सही केली. व्यापाऱ्याने जबाबात सगळं कबूल केलं. भोकं मिस्त्रीच्या कामानंतरची होती, लग्नात खर्च झाला होता, दुरुस्ती मिस्त्रीच्या गळ्यात घालायची होती.

ठाण्यात मी पुष्कळ ओरडणारी माणसं बघितली. तेव्हापासून माणूस किती ओरडतो ते मी बघत नाही, तो कुठे जाऊ देत नाही ते बघते.

व्यापाऱ्याने अर्ज मागे घेतला आणि मिस्त्रीकडून घेतलेले पैसे घेऊन आला, पण थोडे कमी. "बाकीचे पुढच्या महिन्यात."

मिस्त्रीची बायको बाकावरून हलली नाही. "आना मालक. आमी हितंच बसतो."

तो दुकानात जाऊन आला. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि पदराला बांधल्या.

"सगळे हायेत, मॅडम."