नव्या घरातली हत्यारं

जुन्नरला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा आमच्याकडे हत्यार म्हणून एक वरवंटा होता. खिळा त्यानंच ठोकायचा आणि बोटही त्यानंच चेचून घ्यायचं. नवरा पुण्याला कंपनीत, यायचा शनिवारी. एरवी घरात मी आणि घाटघरहून आणलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या.

आत्यांचं मन काही रमेना. तिकडच्या घरात कूड, वासा, दोरी, सगळं डोळ्यांसमोर. इथं वायरी भिंतीत आणि पाइपही भिंतीत. बटणाला त्या हात लावत नसत. मी बाहेरून येईपर्यंत अंधारात बसून राहत.

"भितीत काय हाय ते दिसत न्हाई," एकदा त्या म्हणाल्या. "मला माघारी धाड."

आठवडाभर त्या घरात एकटीनं राहायची मलाच भीती वाटत होती.

रविवारच्या बाजारात मी हातोडी, पक्कड, नळाचा पान्हा, फ्यूजची तार घेतली, आणि दुकानदारानं गळ्यात मारला म्हणून टेस्टर. गॅरेज टाकतेस का, म्हणून नवरा हसला. मी म्हटलं, तुम्ही नसता, निदान पान्हा तरी असू दे.

घरी आल्यावर टेस्टरचं टोक प्लगात घातलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं. आतला इवलासा दिवा लाल झाला. दुकानदारानं सांगितलेलंच मी आत्यांना सांगितलं, की वीज किंचितशी आपल्या अंगातून जाते, तेव्हाच तो लागतो. बोट काढलं, विझला. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. मी टेस्टर दिला. त्यांच्या बोटाखाली दिवा लागला.

"माझ्या अंगातनं?" त्या हळूच म्हणाल्या. "आन् मला कळलंबी न्हाई."

शाळेत वीज मी पाठ करून मार्क मिळवले होते. ती खरी असते, हे त्या भाकरी थापून राठ झालेल्या बोटाखाली कळलं. संध्याकाळपर्यंत आत्यांनी घरातला एकेक प्लग तपासला. दिवेलागणीला बटण त्यांनीच दाबलं.

खंडेनवमीला त्यांनी पाटावर सगळी हत्यारं मांडली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. घाटघरला या दिवशी त्यांच्या कोयत्याची पूजा व्हायची, म्हणून तिथं त्यांच्या पुतण्याकडे राहिलेला तो कोयता मागवून घेऊ का, असं मी विचारलं.

"पुतण्याला ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "त्याला रानात लागंल. माझी हत्यारं आता ही."