बांबूची कानातली आणि विहीणबाईंचा कान

मी बनवलेली कानातली घातल्यामुळे माझ्या नणंदेच्या विहीणबाईंना कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा जावं लागलं. दोन्ही वेळा कान ठणठणीत निघाला.

झालं असं, की कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या नळ्या धुऊन घरी आल्यावर मला स्वतःच्या हातानं काहीतरी सुंदर करावंसं वाटायचं. (स्वयंपाक त्यात धरत नाही.) आमच्या गोंडपिपरीकडे बांबूला तोटा नाही. मोबाइलवर बघून बघून मी बांबूच्या चकत्या कापायला, घासायला आणि त्यांवर मोर, मासे, वाघाची पावलं रंगवायला शिकले. मुलीची रंगपेटी महिनाभर माझ्याच ताब्यात होती. कॉलेजातल्या तीन मॅडमनी एकेक जोडी घेतली आणि मी स्वतःला उद्योजिका म्हणू लागले. आमचे हे मात्र विचारणाऱ्याला "बायको बांबू कापून राह्यली" एवढंच सांगायचे.

अशात मंगलाताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला. त्यांच्या प्राचीचा साखरपुडा ठरला होता आणि मुलाकडच्या पस्तीस बायांना माझी कानातली भेट द्यायची त्यांच्या मनात होती. दहा दिवसांत हवी होती. पाहुणे राजुऱ्याचे, सोन्यात वावरणारे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सासरच्या कोणी माझ्यावर एवढी मोठी जबाबदारी टाकण्याची ही पहिलीच वेळ. याआधीची सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे बारशाला पापड तळणे.

बांबू घ्यायला मी गोविंदाभाऊंकडे गेले. सुपं-टोपल्या विणण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी बांबू दाखवला आणि स्वतःच नको म्हणाले. हा चांदण्याच्या पंधरवड्यात कापलेला, याला भुंगा लागतो. अमावास्येजवळ कापलेला येईपर्यंत थांबा, नाहीतर हाच महिनाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि मग वापरा, असं त्यांचं म्हणणं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझा पदवीचा फोटो बाबांनी माहेरी देवांच्या रांगेत लावलाय. आई उदबत्ती ओवाळते तेव्हा गणपतीनंतर माझा नंबर येतो. अशा बाईनं चंद्राला विचारून बांबू घ्यायचा?

"भाऊ," मी म्हणाले, "मी बीएस्सी झालेली आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. बांबू हे एक प्रकारचं गवत आहे. त्याला अमावास्या कळत नाही."

गोविंदाभाऊंनी हातातली काडी खाली ठेवली.

"गवताले नाई कळत जी बाई. भुंग्याले कळते."

मी मोठ्या मनानं त्यांच्या अज्ञानाकडे दुर्लक्ष केलं आणि चार बांबू उचलून आणले.

साखरपुडा झकास झाला. विहीणबाईंनी तर कानातली सोन्याची फुलं तिथल्या तिथे काढली आणि माझी मोराची जोडी चढवली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही चढवली. मंगलाताईंनी चारचौघांत "आमची वंदना शिकलेली आहे" असं म्हटलं. मी लाजले, पण दुसऱ्यांदा म्हणतील म्हणून तिथेच उभी राहिले.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. विहीणबाईंच्या उजव्या कानात कुरकुर आवाज येत होता. डॉक्टरांनी कानातली काढायला लावून कान तपासला, तर आवाज गायब. घरी येऊन पुन्हा कानातली घातली, की पुन्हा कुरकुर. (माझी जोडी त्यांना इतकी आवडली होती, की झोपतानाही काढत नव्हत्या. हे ऐकून मला आनंदच झाला.) दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी थेंब दिले. मीही फोनवरून कानाच्या मळाबद्दल शास्त्रीय माहिती दिली.

त्याच सुमारास मुलाकडच्या बायांत कोंड्याची साथ आली. काकू, आत्या, मावशी, जिच्या तिच्या खांद्यावर भुगा. कोणी दही लावलं, कोणी लिंबू चोळलं. साखरपुड्याच्या हॉलमधलं पाणीच खराब होतं, अशी कुजबुज सुरू झाली. हॉल आमच्या बाजूनं ठरवलेला, त्यामुळे ताईंची झोप उडाली.

आणि मग निरोप आला, की विहीणबाईंना नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, ऑपरेशन निघालं तर लग्न पुढे ढकलावं लागेल. प्राचीनं जेवण सोडलं. ढकललेलं लग्न कधी कधी ढकललेलंच राहतं, ही भीती कोणी बोलत नव्हतं, पण घरात तीच होती. ताई मला घेऊन राजुऱ्याला निघाल्या. मी शिकलेली, डॉक्टरांचे कागद वाचायला घरात दुसरं होतं कोण?

विहीणबाईंनी चहा दिला आणि मला जवळ बसवून घेतलं. मी कागद वाचले, त्यात काहीच नव्हतं. मान वर केली तर त्यांच्या निळ्या ब्लाउजच्या खांद्यावर पिवळसर भुग्याची छोटी रास दिसली. रास बरोबर मोराच्या खाली होती. आणि मोराच्या पोटात टाचणीनं पाडावीत तशी तीन भोकं होती.

मला अख्खं वनस्पतिशास्त्र आठवलं. बांबूत पिष्ट असतं, किडा त्यासाठीच येतो, पाण्यात ठेवलं की ते निघून जातं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते.

गप्प बसले असते तर बाई नागपूरला गेल्या असत्या आणि लग्न पुढे गेलं असतं. बोलले तर चौदा वर्षांनी मिळालेली इज्जत जात होती. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "जरा कानातलं काढता का जी?" आणि ते पांढऱ्या बशीवर दोनदा आपटलं. भुगा पडला. मागोमाग एक काळपट, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा भुंगा बाहेर आला आणि शांतपणे बशीच्या काठाकडे चालू लागला.

मी गोविंदाभाऊंचं सगळं सांगून टाकलं, अगदी गवतापासून.

विहीणबाईंनी भुंगा काठापर्यंत पोचू दिला. मग विचारलं, "म्हंजे मी बहिरी नाई होऊन राह्यली?"

"नाही जी."

"ऑपरेशन नाई?"

"नाही."

"अन् त्या साऱ्या बायांच्या डोक्यात कोंडा नाई?"

मी मान हलवली. त्यांनी पदरानं खांदा झटकला आणि दुसरं कानातलंही काढून बशीत ठेवलं. मला वाटलं, आता लग्न मोडतं.

"बाकीच्यायले मी सांगतो," त्या म्हणाल्या, "पण माह्या धाकट्या जावेले आठ दिवस सांगू नका. तिले लावू द्या दही."

आणि हसायला लागल्या. ताई आधी रडल्या, मग हसल्या. मी दोन्हींच्या मधे कुठेतरी होते. लग्न ठरल्या तारखेलाच होणार, हे पक्कं झालं.

मी दुसऱ्याच दिवशी गोविंदाभाऊंकडे गेले. त्यांनी मला बसायला उलटी टोपली दिली. आता मी बांबू अमावास्येचाच घेते, वर महिनाभर टाक्यात बुडवते, आणि कॉलेजात कोणी विचारलं तर त्याला पिष्टाचं व्यवस्थापन म्हणते.

प्राचीच्या लग्नाची पत्रिका वेळेवर आली. खाली नेहमीसारखं छापलेलं होतं, "कृपया आहेर आणू नये." तशी ती ओळ सगळ्यांच्याच पत्रिकेवर होती. पण मी चौकशी केली. त्या ओळीखाली लाल पेनानं दोनदा रेघ फक्त माझ्याच पत्रिकेवर होती.